दुकान आपलं, पाटी कुणाची?

परवा पुण्याहून आत्याचा फोन आला. "अरे, दादानं काकवी बंद केली का?"

म्हटलं, नाही गं, बाटल्यांची थप्पी लागलीय दुकानात.

"मग वेबसाईटवर का नाही?"

होती की! फक्त ती 'शॉप'च्या आत 'कलेक्शन्स', आणि त्याच्या आत 'नॅचरल स्वीटनर्स' अशी तिसऱ्या माळ्यावर जाऊन बसली होती. आत्या जन्मभर काकवी खात आली, पण आपण नॅचरल स्वीटनर खातोय हे बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. शाहूपुरीत त्याचं गूळ, काकवी आणि चटणीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं एकाकडून वेबसाईट करून घेतली. वर्डप्रेस, त्यावर वूकॉमर्स, आणि त्यावर कुठल्याशा कपड्यांच्या दुकानासाठी बनवलेली तयार थीम. थीमसोबत नमुन्याचा मेनू आला होता, तोच कायम झाला. होम, शॉप, कलेक्शन्स, न्यू अरायव्हल्स, अवर स्टोरी. आता गुळाच्या दुकानात न्यू अरायव्हल म्हणजे काय? आमच्याकडे पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात आणि गिऱ्हाईक विचारतं, "नवा गूळ आला का?" बस्स. तेवढेच दोन शब्द त्या मेनूत कुठे नव्हते.

चटणीची गंमत तर विचारू नका. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेलं लाल तिखट. ती 'स्पाइस ब्लेंड्स'मध्ये सापडते! कोल्हापूरच्या माणसाला हे सुचायला किती जन्म लागतील?

माझा राग इंग्रजीवर नाही, हे आधीच सांगतो. 'कार्ट' राहू दे, 'पेमेंट' राहू दे, ते शब्द आता आपलेच झालेत. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. दुकानाची मांडणी अशा माणसानं ठरवली जो त्या गल्ल्यामागे एक दिवस उभा राहिलेला नाही. आणि वर दादाला दम, "मेनूला हात लावू नका, साईट मोडेल." एक शब्द बदलायचा तरी वेगळं बिल. म्हणजे दुकान दादाचं, माल दादाचा, उधारी दादाची, आणि पाटी लिहायचा हक्क मात्र परक्याचा.

शाहूपुरी बघा ना. शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. पुढे सौदे मार्केट यार्डात गेले, पण गल्ल्या तशाच आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. कुंभार राहतात ती कुंभार गल्ली. परगावचा माणूस स्टेशनवर उतरला तरी दोनदा विचारून पोचतो. उद्या कुणी कुंभार गल्लीवर 'आर्टिसन क्ले कलेक्शन' अशी पाटी लावली तर गणपती ठरवायला कोण पोचेल? रस्त्यावर जे आपण चालवून घेणार नाही, ते वेबसाईटवर निमूट चालवून घेतो.

बरं, हे काम अवघड आहे का? मुळीच नाही. २०१० साली वर्डप्रेसची तीन-शून्य आवृत्ती आली तेव्हापासून मेनू माऊसनं ओढून लावता येतो. 'अपिअरन्स'मध्ये 'मेनूज'. (नव्या पद्धतीच्या थीममध्ये हे 'एडिटर'मधल्या 'नेव्हिगेशन'मध्ये असतं.) तिथे मालाचे वर्ग दिसत नाहीत म्हणून लोक घाबरतात. वर कोपऱ्यात 'स्क्रीन ऑप्शन्स' आहे, तिथे 'प्रॉडक्ट कॅटेगरीज'वर टिचकी मारायची, की झाले हजर. एखादी ओळ थोडी उजवीकडे सरकवली की ती वरच्या ओळीच्या पोटात जाते. आणि 'नेव्हिगेशन लेबल' नावाच्या चौकटीत हवं ते नाव लिहायचं. आत वर्गाचं नाव आणि पत्ता जुनाच राहतो, त्यामुळे आधी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंका तुटत नाहीत. मोडत काहीच नाही! फोनवरच्या मेनूची जागा काही थीममध्ये वेगळी असते, तिथेही खूण करायला विसरू नका, नाहीतर संगणकावर काकवी आणि फोनवर पुन्हा स्वीटनर.

खरं काम वेगळंच आहे. दादाला म्हटलं, आठवडाभर गल्ल्याशेजारी वही ठेव आणि गिऱ्हाईक तोंडानं काय मागतं ते जसंच्या तसं लिही. वहीत आलं: एक किलोचा रवा, काकवी, गूळ पावडर, चटणी, "पोरगी मुंबईला आहे, तिला पाठवायचंय". तोच मेनू! शेवटच्याचं आम्ही 'परगावी पाठवा' असं केलं.

वेबसाईटवाल्याचं म्हणणं, बाहेरच्यांना हे शब्द कळणार नाहीत. यात थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. मुंबईकराला चटणी म्हणजे ओली, वाटलेली, ताटात डावीकडे वाढायची. म्हणून पाटी अशी लिहिली: 'चटणी - कांदा-लसूण मसाला'. दोघांचीही सोय झाली. पण बाहेरच्याला कळावं म्हणून घरच्यालाच हरवायचं, हा कुठला न्याय? कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते या मातीतल्या नावानं मिळालं. नाव हीच तर इथली मिळकत आहे, आणि आपण ती 'कलेक्शन्स'च्या बोळात टाकून येतो.

आणि शब्द नुसते धंद्याचे नसतात हो. ज्या पोरानं 'रवा' कधी पाटीवर वाचलाच नाही, त्याला रवा म्हणजे फक्त शिऱ्याचा. चूक त्याची म्हणायची का आपली?

तेव्हा ज्यांची ज्यांची अशी दुकानं आहेत त्यांना हात जोडून सांगणं आहे. साईटचा पासवर्ड आपल्याकडे मागून घ्या. रविवारची एक संध्याकाळ काढा. पाटी स्वतः लिहा.

असो. काल आत्याचा पुन्हा फोन. काकवी सापडली म्हणाली. आता कुरिअरचा खर्च फार आहे म्हणून भांडतेय. ते मात्र मेनूनं सुटणारं नाही!