डिस्क ब्रेकची हवा घरी काढायची तर काय घ्यावे?

धारूरहून तेलगावकडे घाट उतरताना, मागे बायको आणि टाकीवर लेकरू बसलेले असताना, ब्रेकचा लिव्हर मऊ पडला तर काय वाटते ते अनुभव घेतलेल्यालाच ठाऊक. पहिल्या दोन वळणांवर ब्रेक नीट लागतो. पुढे लिव्हर मुठीला टेकतो आणि गाडी धावतच राहते. खाली येऊन चहा प्यायला दहा मिनिटे थांबले की ब्रेक पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मग माणूस म्हणतो, काही झालेच नव्हते. झालेले असते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर चाचणीत तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. उतारावर सतत ब्रेक धरून डिस्क तापली की जुने ऑइल कॅलिपरमध्ये उकळते आणि वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबले जात नाही, पण वाफ आणि हवा दाबली जाते. आपण लिव्हर ओढतो आणि जोर नुसते बुडबुडे दाबण्यात जातो. निवल्यावर बुडबुडे जिरतात, ओलावा मात्र तसाच राहतो. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत दर २ वर्षांनी ऑइल बदलायला सांगितलेले असते, ते यासाठीच. (घाटात पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलवर उतरणारे ब्रेकवर दुप्पट भार टाकतात. खालच्या गिअरवर उतरा, इंजिनच गाडी धरते.)

आधी गाडीकडे बघा. पुढे-मागे ड्रमच असतील तर आजचा मजकूर तुमच्यासाठी नाही. तिथे केबल आणि लायनर बघायचे. डिस्क असेल तर हँडलवरच्या ऑइलच्या डबीचे झाकण वाचा. त्यावर डॉट ३ की डॉट ४ हे कोरलेले असते. तेच घ्या. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल आहे, ते या दोन्हींत चालत नाही. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असे दुकानात कोणी सांगितले तरी घेऊ नका. डॉट ५.१ चे नाव त्याच्यासारखे असले तरी ते सिलिकॉनचे नाही. पण झाकणावर डॉट ४ असताना त्याची गरजही नाही.

बाटली लहान आणि सीलबंद घ्या. मोठ्या डब्यातून सुटे ओतून देतात ते स्वस्त पडते, पण तो डबा केव्हा उघडला होता कोण सांगणार? डबीत इंजिन ऑइल टाकणे किंवा आतला भाग पेट्रोल-रॉकेलने धुणे तर अजिबात नको. आतली रबरी सीले फुगतात आणि ब्रेक जाम होतो.

हत्यारात खर्च करायचाच तर चांगल्या रिंग पान्यावर करा. कॅलिपरवरचे हवा काढायचे निपल पोकळ आणि नाजूक असते. उघड्या तोंडाच्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात, आणि मग पाच मिनिटांचे काम दिवसभराचे होते. काही गाड्यांना ८ चा पाना लागतो, काहींना १० चा. लावून बघूनच घ्या. निपलावरची रबरी टोपी हरवली असेल तर नवी घ्या. तिच्यावाचून आत धूळ आणि गंज भरतो. ऊसतोडीवरून सहा महिन्यांनी परतलेल्या गाडीचे निपल हमखास चिखलाने बुजलेले असते. ते बदलायचे झाले तर जुने सोबत न्या, आटे सगळ्यांचे सारखे नसतात. डबीच्या झाकणाच्या स्क्रूंना खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर हवा.

नळी पारदर्शक हवी, नाहीतर बुडबुडे दिसणार कसे? माशांच्या टाकीला हवेची नळी लावतात, ती निपलावर घट्ट बसली तर पुरे. डबीतले जुने काळपट ऑइल उपसायला मेडिकलमधली मोठी सिरिंज घ्या, सुईशिवाय. हवा ओढणारा हातपंप आवर्जून घेण्यासारखा नाही. तो निपलाच्या आट्यांमधूनही हवा खेचतो, त्यामुळे बुडबुडे संपतच नाहीत. त्या पैशात कित्येक वर्षांचे ऑइल येईल. त्याऐवजी घरातले दुसरे माणूस बोलवा. लिव्हर दाबायला आपाही चालतील, अब्बाही.

गाडी मेन स्टँडवर लावून डबी सपाट राहील असे हँडल वळवा. टाकीवर जुने कापड टाका, कारण हे ऑइल रंग खाते. थेंब पडलाच तर लगेच पाण्याने धुवा. एकाने लिव्हर सावकाश दाबून धरायचा, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करून बुडबुडे बाहेर काढायचे आणि पुन्हा आवळायचे. त्यानंतरच लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला तर बाहेरची हवा आत जाते. मध्येमध्ये डबी भरत राहा, ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी निपल बेताने आवळा आणि लिव्हर मिनिटभर जोरात धरून ठेवा. तो हळूहळू आत जात असेल किंवा कुठे ओल दिसत असेल, तर दोष हवेचा नसून सीलांचा आहे. गाडी मेकॅनिककडे न्या, चालवत नव्हे. डिस्क पॅडवर ऑइल सांडले असेल तर पॅड बदला.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. अशा गाडीचे ऑइल बदलता येते, पण एबीएसच्या युनिटमध्ये हवा अडकली तर कंपनीचे मशीन लागते. तिथे हट्ट करू नका.

काढलेले ऑइल गटारीत ओतू नका, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याला विचारून द्या. ते विषारी असते आणि ताजे असताना फिकट सरबतासारखे दिसते. म्हणून रमजानमधली सरबताची रिकामी बाटली त्यासाठी वापरू नका. उरलेले नवे ऑइल त्याच्याच बाटलीत, झाकण घट्ट लावून, उघडल्याची तारीख लिहून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा. पुढच्या वेळी मात्र नवी बाटली.