पगारावरील जप्ती आणि घराची पत

फतेगंजच्या रस्त्याने विद्यापीठाकडे जाणारी मुले-मुली पाहिली, की आमच्या मनात येते, यांतील कितीजणांच्या शिक्षणामागे वडिलांची सही उभी असेल! शिक्षणासाठी कर्ज काढण्यात कमीपणा नाही. १९१३ साली याच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले, तेही दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. विद्येचे ऋण जुनेच आहे. कमीपणा असलाच, तर तो हप्ते थकल्यावर तोंड लपविण्यात आहे.

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, की बँक ते खाते अनुत्पादक ठरविते व पुढे दिवाणी दावा लावते. समन्स आले असता कित्येक घरी भीतीने ते घेतच नाहीत. मग एकतर्फी हुकूमनामा होतो आणि मालकाकडे पगारजप्तीचा हुकूम येतो.

तरीही कायद्याने कुटुंबाचा घास राखला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोनतृतीयांश यांस हात लावता येत नाही. हिशेबात धरायचा पगार २५,००० रुपये असेल, तर फार तर ८,००० कापले जातील, १७,००० घरी येतील. एका हुकूमनाम्यापोटी ही कपात एकूण २४ महिन्यांपलीकडे चालत नाही. मात्र तेवढ्याने कर्ज फिटत नाही. इतर मालमत्ता आणि सहकर्जदार वडिलांचा पगार यांवरचे संकट कायम राहते.

म्हणून हप्ता जड वाटू लागताच बँकेत जावे व मुदतवाढ मागावी. दावा लागलाच, तर लोकअदालतीचा मार्ग आहे; पण तेथील निवाड्यावर अपील नसते, तेव्हा झेपेल तेवढेच कबूल करावे.

राहिली पत. कमी रकमेवर तडजोड केली, तर पतअहवालात ‘तडजोड’ असा शेरा पडतो, आणि तो वडिलांच्या नावापुढेही दिसतो. शक्य असल्यास पूर्ण फेड करून तसा दाखला घ्यावा. हा अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. खरी नोंद मात्र कोणताही दलाल पैसे घेऊन पुसू शकत नाही. ती मागे पडते ती वेळेवर भरलेल्या हप्त्यांनीच. वाचकहो, पत ही धीराने, महिन्यामागून महिना मिळवावी लागते.