‘धर्म’ या कपाटात अडकलेला इतिहास

मौर्य-शुंगांवर किंवा गुप्तांवर काम करणारा विद्यार्थी ग्रंथालयात आला की त्याला इतिहासाचे कपाट दाखवले जाते. त्यात चूक काहीच नाही. पण 1943 मध्ये सोलापुरातून प्रसिद्ध झालेल्या ‘तिलोयपण्णत्ती’च्या पहिल्या भागापर्यंत तो सहसा पोहोचत नाही. जैन आचार्य यतिवृषभांचा हा प्राकृत ग्रंथ विश्वरचनेवरचा आहे, त्यामुळे तो ‘धर्म’ या शीर्षकाखाली बसतो आणि तिथेच राहतो. त्याचे महाधिकार, म्हणजे मोठे विभाग, नऊ. नरक, द्वीप, समुद्र, ज्योतिर्लोक, स्वर्ग यांची मापे त्यांत गाथांमागून गाथा येत राहतात. चौथा महाधिकार मनुष्यलोकाचा, आणि त्यात महावीरांच्या निर्वाणापासूनच्या राजवटी एकामागोमाग मोजल्या आहेत: पालक 60 वर्षे, विजयवंश 155, मुरुदयवंश 40, पुष्यमित्र 30, वसुमित्र-अग्निमित्र 60, गंधर्व 100, नरवाहन 40, भत्थट्ठण 242, गुप्त 231 आणि कल्की 42. बेरीज बरोबर एक हजार भरते.

इतकी नेमकी भरणारी बेरीज पाहून अभ्यासकाने सावध व्हायला हवे. पुष्यमित्राला पुराणे 36 वर्षे देतात, इथे 30 आहेत. मुरुदय म्हणजे मौर्य धरले, तर चंद्रगुप्तापासून बृहद्रथापर्यंतची सव्वाशेहून अधिक वर्षे 40 मध्ये कशी बसवायची? पुन्नाट जिनसेनांच्या 783 मधल्या हरिवंशपुराणात अशीच यादी आहे, पण तिथे मुरुंड असे नाव येते. मग मूळ पाठ कोणता, आणि नकलकाराच्या हातून काय झाले? ही यादी डोळे मिटून स्वीकारावी असे कुणीच म्हणणार नाही. पण पुराणे, शिलालेख आणि नाणी यांच्या शेजारी ठेवून ती तपासली पाहिजे, आणि त्यासाठी ती आधी हाती लागली पाहिजे. या आठवड्याचा मुद्दा तेवढाच आहे: ‘तिलोयपण्णत्ती’ काढणाऱ्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेसारखा संग्रह एकाच शीर्षकाखाली कोंडल्यामुळे आपण आपल्याच शहराने घडवलेली इतिहासाची साधने नजरेआड केली आहेत. ती सर्व विषयांच्या यादीत पुन्हा नोंदवली गेली पाहिजेत.

या ग्रंथमालेच्या कितीतरी पुस्तकांवर ‘संतोष भवन, फलटण गल्ली, सोलापूर’ असा पत्ता छापलेला आढळतो. तिच्यामागे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी होते. आपले धन कशासाठी खर्चावे हे ठरवण्याआधी त्यांनी देशभरच्या विद्वानांची मते गोळा केली. 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री त्यांनी विद्वानांना एकत्र बोलावले, त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला आणि त्यासाठी त्यांनी 30,000 रुपये दिले. पुढे जवळजवळ सारी मालमत्ताच त्यांनी संघाच्या स्वाधीन केली. संपादनाची जबाबदारी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले आ. ने. उपाध्ये आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले हिरालाल जैन या दोघांकडे आली. पैसा व्यापारी घराण्याचा असला, तरी पुस्तके निवडण्याचे आणि पाठ ठरवण्याचे काम प्राध्यापकांच्या हाती राहिले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पाठभेद, हिंदी अनुवाद, विस्तृत प्रस्तावना आणि सूची ही शिस्त या पुस्तकांत दिसते ती त्यामुळेच.

यादीवर नुसती नजर टाकली तरी ‘धर्म’ हा शब्द किती अपुरा आहे ते कळते. 1949 मध्ये इथून कृष्णकांत हंदीकी यांचा ‘यशस्तिलक अँड इंडियन कल्चर’ हा इंग्रजी ग्रंथ निघाला. हंदीकी आसामचे, गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. सोमदेवांनी 959 मध्ये राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याच्या काळात लिहिलेल्या ‘यशस्तिलक’ या चंपूकाव्यावरून त्यांनी दहाव्या शतकातले दख्खनचे जीवन उलगडून दाखवले. राज्यव्यवहार, पंथांचे वादविवाद, दैवते, असे बरेच काही त्यात आहे. 1957 मध्ये पां. भी. देसाई यांचा दक्षिण भारतातल्या जैन धर्मावरचा ग्रंथ आला. त्याचा मोठा भाग शिलालेखांचा आहे, आणि त्यातले अनेक लेख सोलापूरच्या शेजारच्या कलबुर्गी भागातले आहेत. वि. जोहरापूरकरांच्या ‘भट्टारक संप्रदाय’ (1958) मध्ये कारंजा आणि लातूरच्या पीठांच्या परंपरा लेखांच्या आधारे जुळवल्या आहेत. मराठवाडा-विदर्भाच्या मध्ययुगीन सामाजिक इतिहासाला त्याची किती गरज आहे हे सांगायला नको. गुणकीर्तींचे ‘धर्मामृत’ हे जुने मराठी गद्यही याच मालेत संपादित झाले. जुन्या मराठी गद्याचे नमुने शोधणाऱ्याने ते वाचलेच पाहिजे.

गणिताचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ नवव्या शतकातला, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राज्यातला. त्या राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड, कलबुर्गीच्या पलीकडचे. रंगाचार्यांनी 1912 मध्ये मद्रासहून त्याची इंग्रजी आवृत्ती काढली होती, आणि लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो 1963 मध्ये सोलापुरातून आला. षट्खंडागम या जैन आगमग्रंथावरच्या वीरसेनांच्या धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ ही संकल्पना आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद: 16 चे चार, 32 चे पाच. आजच्या भाषेत हा दोन या पायाचा लॉगरिथम. लखनौ विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी धवलेच्या चौथ्या खंडासाठी या गणितावर स्वतंत्र लेख लिहिला. धवला प्रथम 1939 पासून अमरावतीहून सोळा भागांत निघाली आणि नंतर सोलापूरच्या संघाने ती पुन्हा छापली. गणिताच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या मुलाला हे कसे कळावे?

यावर पहिला आक्षेप श्रद्धेचा येतो. हे आगमग्रंथ आहेत, ते देवळात आदराने ठेवावेत, इतिहासाच्या टेबलावर त्यांची चिरफाड नको, असे काही जणांना मनापासून वाटते. ही भावना मी हलकी मानत नाही. पण धवलेचीच कहाणी पाहा. तिची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनापुरती होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या नकला व्हाव्यात म्हणून खटपट करणाऱ्यांत मुंबईचे माणिकचंद झवेरी आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी होते. नकला झाल्या, एक प्रत गुपचूप बाहेर पडली, तिच्यावरून आणखी प्रती निघाल्या, आणि अमरावती, आरा, कारंजा इथल्या प्रती जुळवून पहिला खंड छापला गेला. काही खंडांनंतर मूडबिद्रीनेही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहू दिले. ग्रंथ बाहेर यावा म्हणून झटणारी माणसे श्रद्धाळूच होती. छापण्याला त्या काळी विरोध झाला तेव्हाही अभ्यासाने ग्रंथाचा मान जात नाही, या मतावर ती ठाम राहिली. आज त्याच पुस्तकांना पुन्हा कपाटबंद करणे म्हणजे त्या माणसांच्या कष्टांवर पाणी फिरवणे.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे: आता सगळे स्कॅन होऊन मोबाइलवर मिळते, मग याद्या कशाला? पुष्कळ पुस्तके मिळतात, आणि त्याचा आनंद आहे. पण ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे तेच आपण शोधतो. ‘गुप्त कालगणना’ असे टाइप करणाऱ्याला तिलोयपण्णत्तीच्या चौथ्या महाधिकारातली गाथा समोर येत नाही. जुन्या टायपातले प्राकृत यंत्राला धड वाचता येत नाही आणि शीर्षकांची रोमन स्पेलिंगे दहा तऱ्हांची असतात. ग्रंथ आणि वाचक यांच्यामध्ये विषय जाणणारा माणूस लागतोच, आणि तो माणूस आपले ज्ञान ठेवतो ते विषयसूचीत. प्राकृत कोण वाचतो, असेही विचारले जाते. मराठी वाचकाला हिंदी अनुवाद अवघड नाही, आणि हंदीकी, देसाई तर इंग्रजीतच आहेत. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीची बाजू मांडताना आपण महाराष्ट्री प्राकृताचा आधार घेतला. तो दर्जा मिरवताना याच शहरातून निघालेल्या प्राकृत ग्रंथांना कपाटात विसरणे शोभत नाही.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांची ओढाताण खरीच आहे. पण इथे इमारत बांधायची नाही. एका पुस्तकाला एकाऐवजी तीन-चार विषयांत नोंद द्यायची: तिलोयपण्णत्तीला धर्म, भूगोल, कालगणना आणि गणित, देसाईंच्या ग्रंथाला धर्म आणि शिलालेख, धर्मामृताला जुने मराठी गद्य. प्रत्येक प्रस्तावनेतल्या विषयांची दोन ओळींची टीप जोडायची. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातल्या इतिहास, मराठी आणि गणिताच्या अध्यापकांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेक ग्रंथ दिला, तर सूचीचा मोठा भाग एका शैक्षणिक वर्षात तयार होईल.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आणि आसपासच्या जुन्या पेठांमधल्या घरांना माझी वेगळी विनंती आहे. वाडे उतरवताना माळ्यावरची पुस्तके रद्दीत जातात, आणि त्यांत या मालेचे सुटे भाग असू शकतात. आतले पहिले पान उघडून प्रकाशकाचे नाव वाचा. जीवराज जैन ग्रंथमाला दिसली, तर रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या ग्रंथपालाला कळवा.