पाद्र्याच्या शाळेला पैसा कुणाचा?

दोस्तहो, आधीच सांगून टाकतो. मी ख्रिस्ती नाही. मंडणगड तालुक्यातल्या बौद्धवाडीतला आहे. भिवंडीत एका कापडगिरणीत पाळी करतो. शाळा दहावीला सुटली, पुढचं सगळं रद्दीतल्या पुस्तकांतून शिकलो. आज कविता बाजूला ठेवून ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या शाळांबद्दल लिहितोय. सेमिनरी, बायबल शाळा म्हणतात त्यांना. त्यांना बाहेरून जे अनुदान येतं त्याबद्दल लिहितोय. कुणी म्हणेल, तुला काय करायचंय त्याच्याशी? करायचंय. ज्यांच्या नावावर हा पैसा पिढ्यान्‌पिढ्या गोळा झाला ते महार, मांग आपलेच चुलते आहेत. एका चुलत्यानं बुद्धाला शरण म्हटलं, एकानं येशूला. गावकुसाबाहेरचं घर दोघांचंही तेच होतं.

आपल्या लोकांत या बाबतीत दोनच बोलणी ऐकू येतात. एक, ‘त्यांचं काय बाबा, त्यांना डॉलर येतात.’ यात नुसता जळफळाट. दुसरं, ‘डॉलर म्हणजे बाटवाबाटवी, बंद करा सगळं.’ यात तोंड आपलं आणि बोल शेटजी-भटजीचे. दोन्ही बोलणी मला मान्य नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की शाळेसाठी पैसा घेण्यात काही पाप नाही. पैसा कुणाच्या नावानं आला, शाळेच्या कमिटीवर कोण बसलं आणि शिकलेला गडी कुठल्या वाडीत परत गेला, हे विचारायचंच नाही, हे पाप आहे. आणि ते पाप दोनशे वर्षं चाललंय.

सुरुवात माझ्याच तालुक्यातून करतो. बाणकोट. सावित्रीच्या मुखावरचा किल्ला, इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला माणूस, डोनाल्ड मिचेल, इथं आला आणि त्याच वर्षात मेला. मागून त्याचे सोबती आले, बाणकोट-हर्णैला राहून शाळा काढू लागले. १८२९ मध्ये जॉन विल्सन आला. त्यानं हर्णैला बसून मराठी गिरवली. म्हणजे भाषा त्यानं आमच्या किनाऱ्यावर घेतली. कॉलेज मात्र झालं मुंबईत, आज गिरगावच्या चौपाटीसमोर त्याच्या नावानं उभं आहे. मिशन कोकणातून उठलं, मुंबई-पुण्यास जाऊन बसलं. पैसा स्कॉटलंडातल्या साध्यासुध्या भाविकांनी दिला असेल, अंधारातल्या गोरगरिबांसाठी म्हणून दिला असेल. तो पोचला कुणाला?

हा प्रश्न माझ्या पदरचा नाही. आंबडवे आमच्याच तालुक्यात. तिथल्या सकपाळांच्या घराण्यातल्या पोरानं, बाबासाहेबांनी, तो विचारून ठेवलाय. ख्रिस्ती मिशन आणि अस्पृश्य यावर त्यांनी इंग्रजीत जे लिहिलं ते त्यांच्या मागं महाराष्ट्र सरकारनं छापलं. त्यात ते मिशनचं काम नाकारत नाहीत. पण त्यांचा आरोप असा, की मिशननं शाळा-कॉलेजं आणि दवाखाने काढले, त्याचा मलिदा वरच्या जातींनी खाल्ला. त्या जाती काही ख्रिस्ती झाल्या नाहीत. जो अस्पृश्य ख्रिस्ती झाला तो मात्र होता तिथंच राहिला.

आता नगर जिल्हा बघा. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं तिथं १८३१ पासून. खेड्याखेड्यातला महार-मांग तिथं ख्रिस्ती झाला. त्यातले काही मास्तर झाले, काही उपदेशक, बाया बायबलबाई झाल्या. मिशनच्या तुटपुंज्या पगारावर त्यांनी उन्हातान्हात पायपीट केली. अहवाल अमेरिकेला गेले, त्या अहवालांवर नवा पैसा आला. मिशनचा कणा हीच माणसं. हिशेबाच्या वहीत मात्र ती नोकर.

तिथंच आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा एक माणूस होता, नारायण वामन टिळक. चित्पावन ब्राह्मण. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, मिशनचं काम करू लागला, नगरच्या सेमिनरीत शिकवू लागला. आणि १९१७ मध्ये त्यानं मिशनचा पगार सोडला, ‘देवाचा दरबार’ काढला. ज्याचा पगार त्याची जीभ, हे त्याला उमगलं असणार. मी त्याला मान देतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. टिळकाला पगार सोडता आला. नाव होतं, कविता होती, ऐकायला माणसं येत होती. ज्या महाराच्या पोराला मिशनच्या पगाराखेरीज येसकराची काठी आणि शिळी भाकर एवढंच ठाऊक होतं, त्यानं काय सोडायचं? परावलंबन सोडा, असं उपाशी माणसाला सांगणं फार सोपं असतं.

आता मोठ्या पैशाकडं येतो. १९५८ च्या सुरुवातीला आफ्रिकेतल्या घाना देशात आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली. तिथं ठरलं, की आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या सेमिनऱ्या कमकुवत आहेत, त्यांना मजबूत करायचं. ग्रंथालयं द्यायची, पुस्तकं द्यायची, निवडक शाळा वर उचलायच्या. थिऑलॉजिकल एज्युकेशन फंड निघाला. जॉन डी. रॉकफेलर धाकटा याच्या सीलँटिक फंडानं २० लाख डॉलर कबूल केले. अट अशी, की मिशन बोर्डांनीही तेवढेच घालायचे. झाले ४० लाख.

रॉकफेलर कोण ते गिरणीतल्या माणसाला सांगायला हवं. तेलाचा राजा, आणि कोळशाच्या खाणीही होत्या. २० एप्रिल १९१४, अमेरिकेतलं कोलोरॅडो, लडलो नावाचं ठिकाण. खाणकामगारांचा संप चालू. कंपनीनं घरातून हुसकलं म्हणून कामगार बायकापोरांसह तंबूत राहत होते. सरकारी शिपायांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या, तंबू पेटवले. एका तंबूखालच्या खड्ड्यात जीव वाचवायला लपलेली ११ पोरं आणि २ बाया गुदमरून मेल्या. कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातली, आणि हाच धाकटा जॉन तिचा कारभारी मालक.

सेमिनरीचं पुस्तक त्याच खड्ड्यातल्या पैशानं आलं, असं मी म्हणत नाही. पण मालकाचा पैसा आभाळातून पडत नाही. माझा आजोबा परळच्या गिरणीत होता. १९८२ च्या संपात घरी बसला तो बसलाच. गिरणीच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. उद्या त्या टॉवरवाल्यानं आमच्या वाडीला वाचनालय दिलं तर मी घेईन. हात जोडून मात्र घेणार नाही. आमचंच थोडं परत आलं, असं म्हणून घेईन. अनुदान घेणाऱ्यानं भिकाऱ्यासारखं वाकायचं कारण नाही, आणि देणाऱ्यानं दाता म्हणून मिरवायचं कारण नाही.

त्या फंडाचं सगळं वाया गेलं, असंही नाही. १९७० नंतर त्याची दिशा बदलली. शोकी को नावाचा तैवानचा माणूस प्रमुख होता. शिक्षण आपापल्या मातीतल्या प्रश्नांतून उगवलं पाहिजे, हा विचार तेव्हा पुढं आला. १९७७ मध्ये फंड संपला. पुढं १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या बाजूनं ईश्वरविचार मांडला. त्यातून दलित थिऑलॉजी निघाली, मद्रासच्या गुरुकुल सेमिनरीत तिचा वेगळा विभाग झाला. ज्या देवाच्या दारात आपल्याला चपला काढायलाही उभं करत नव्हते, त्या देवाला यांनी विचारलं, तू कुणाच्या बाजूचा? निर्मल यांना माझा जय भीम. शाळा असेल, पुस्तक असेल, पोटाला असेल, तर आपला माणूस काय करू शकतो त्याचा हा पुरावा.

पण हे सगळं इंग्रजीत. बंगलोर, मद्रास. नगरच्या वाडीत त्याचं काय पोचलं? मोठ्या पदव्या देते ती श्रीरामपूरची सेनेट. आपलं नगरचं श्रीरामपूर नव्हे, बंगालातलं. १८१८ चं कॉलेज, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजानं पदवी द्यायची सनद दिलेलं. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बायबल सेमिनरी निघाली, ती १९८३ मध्ये पुण्यास गेली. कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून आली तीही पुण्यातच. बाणकोटाहून मुंबईस, यवतमाळाहून पुण्यास. शाळा मजबूत होते म्हणजे नेमकं काय होतं, ते बघा. ती शहराकडं सरकते, इमारत होते, इंग्रजी होते.

माझ्या गिरणीतला जोडीदार नगरकडचा ख्रिस्ती. त्याचा मावसभाऊ एका बायबल शाळेत गेला होता. गळा गोड, कीर्तनासारखा बोलायचा, चार गावं बसून ऐकायची. परीक्षेचा पेपर इंग्रजीत. दोनदा बसला, दोनदा गेला. आता टेम्पो चालवतो. त्या शाळेला ग्रंथालयासाठी अनुदान होतं. त्याच्या जिभेसाठी नव्हतं.

आता सरकारची कमाल बघा. १९५० चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश. हिंदू असेल तोच अनुसूचित. १९५६ मध्ये शिखांना घेतलं, १९९० मध्ये आपल्याला, बौद्धांना घेतलं. ख्रिस्ती झालेला महार-मांग अजून बाहेर. सकाळी बाप्तिस्मा घेतला की दुपारपासून अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही, अॅट्रॉसिटीच्या कायद्याचं छत्र नाही. गावाला मात्र त्याची जात तोंडपाठ असते. स्मशानापर्यंत पाठ असते. मग त्या पोरानं शिकायचं कशावर? मिशनच्या अनुदानावर. म्हणजे सरकारच त्याला अनुदानाच्या दारात ढकलतं, आणि वर म्हणतं, बघा, परदेशी पैशावर जगतात.

त्याच सरकारनं परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये आवळला. एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी. कारभाराचा खर्च ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर. पैसा उतरायचा तो दिल्लीच्या एकाच बँक शाखेत. यात कुणाचा गळा दाबला जातो? मोठ्या सेमिनरीला स्वतःचा परवाना आहे, वकील आहे, हिशेबनीस आहे. ती तगेल. तालुक्याच्या गावची पत्र्याची बायबल शाळा मोठ्या संस्थेकडून झिरपणाऱ्या पैशावर चालते. तो झिरपाच बंद. आपल्यातले काही यावर टाळ्या पिटतात. पिटा. उद्या विहारासाठी जपान-थायलंडहून आलेल्या पैशालाही हाच कायदा आहे.

आणि आता आपलं दार. डॉलरवाले म्हणून हसणाऱ्यांनो, बाबासाहेब काय म्हणाले ते वाचा. १९५० मध्ये त्यांनी बुद्धाच्या धर्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. त्यात भिक्खूंनी ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, जेझुइटांकडून, सेवा आणि शिक्षण उचलावं असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. १९५४ मध्ये ते ब्रह्मदेशात गेले, तिथल्या बुद्ध शासन कौन्सिलपुढं निवेदन ठेवलं, भारतात धम्मप्रचारासाठी मदत मागितली. धम्मप्रचारक घडवणारी सेमिनरी बंगलोरला काढायचं त्यांच्या मनात होतं, म्हैसूरच्या महाराजांनी जागाही दिली होती. बाबासाहेबांना मागण्याची लाज वाटली नाही, कारण कशासाठी मागतोय ते पक्कं होतं. १९५६ मध्ये ते गेले. ती सेमिनरी त्यांच्या हातून उभी राहायची राहिली.

आमच्या वाडीतला बौद्धाचार्य दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात शिकून येतो. आठवडाभर नोकरी करतो, रविवारी लग्न लावतो, पुण्यानुमोदन करतो. ग्रंथालय नाही, पाली शिकवणारा नाही, मानधन नाही. पण एक चीज आमच्याकडं आहे, ती रॉकफेलरच्या फंडाकडं नव्हती. गावशाखा आणि मुंबई शाखा यांची वर्गणीची वही. सभेत ती मोठ्यानं वाचतात. कुणी किती दिले, कुठं गेले, म्हातारी आजीसुद्धा उठून विचारते, ‘सतरंजीचं पैसं कितीला पडलं रं?’ त्या वहीत रक्कम लहान असते, पण ती लपत नाही.

म्हणून माझं सेमिनरीवाल्यांना सांगणं आहे, आणि तेच आपल्यालाही. पैसा घ्या, जगातून घ्या. पण ज्या वाडीच्या नावानं घेतला त्या वाडीत येऊन मराठीत हिशेब वाचा. कमिटीवर निम्मी माणसं त्या वाडीतली घ्या, त्यात बाया घ्या. परीक्षा मराठीत घ्या. जात हा विषय सक्तीचा करा, फुले-आंबेडकर न वाचता कुणाला पाळकाचा झगा देऊ नका. शिकलेल्या माणसाला पहिली तीन वर्षं वाडीत धाडा, आणि त्याचं पोट चालेल एवढं त्याला तिथं द्या. आणि १९५० च्या आदेशातली ती धर्माची अट काढा म्हणून मोर्चा निघेल तेव्हा आपण बौद्धांनी पुढं चालायचं. आपल्याला १९९० पर्यंत ताटकळत ठेवलं होतं, हे इतक्यात विसरून चालणार नाही.

हा अंक वाचून झाला की फेकू नका. ओळखीतल्या एखाद्या ख्रिस्ती पाळकाला द्या. तो चिडला तर का चिडला ते लिहून आमच्याकडं धाडा. पुढच्या अंकात छापू.