उन्हाचा धडा अंगणातच

फेब्रुवारीतली सकाळ, दहाचा सुमार. वसईजवळच्या गोखिवऱ्यातल्या एखाद्या चाळीपुढे उभे राहिले की जमिनीच्या चार तऱ्हा दिसतात: डांबरी रस्ता, पेव्हर ब्लॉक, नळाखालची ओली माती आणि भिंतीच्या सावलीतला कोबा. चार वर्षांच्या मुलाने प्रत्येक ठिकाणी तळहात टेकवला, की ऊन जमीन कशी तापवते हे त्याला कळू लागते. बालवाडीत मात्र ऊन बहुधा तक्त्यावरच्या हसऱ्या, पिवळ्या सूर्यापुरते उरते.

पालघर जिल्ह्यात तरी हे खटकायला हवे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये याच भागातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची. गुराख्यांची शाळा कुरणात भरवायची. महागड्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, खडे वापरायचे, अशी त्यांची रीत. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला. आज मात्र कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या खोलीत भरतात.

अंगणात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. काळे डांबर जवळजवळ सगळे ऊन शोषून घेते. ओल्या मातीत त्याच उन्हाची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, म्हणून ती हाताला गार लागते. हवा मुख्यतः तापलेल्या जमिनीमुळे तापते. त्यामुळे सूर्य माथ्यावरून कलल्यावरही उकाडा वाढतच राहतो.

वसईच्या किनाऱ्यावर दुपारी खारे वारे सुटतात तेही जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून. पुढे भूगोलात मुले ‘खारे वारे, मतलई वारे’ घोकतात. त्याआधी कोरडी माती आणि पाणी अशा दोन थाळ्या तासभर उन्हात ठेवून त्यांत बोटे बुडवली, तर घोकायला फारसे उरणार नाही. खर्च शून्य.

काळजी एवढीच, की हे सारे सकाळी उरकावे; मे महिन्यातल्या दुपारी अनवाणी प्रयोग नकोत.

महापालिकेनेही थोडे मनावर घ्यावे. पुढच्या वेळी अंगणवाडीपुढे पेव्हर ब्लॉक बसवताना दहा बाय दहा फूट माती उघडी सोडावी. शेजारी ब्लॉक असतील तर उत्तमच. तुलनेला मुलांना दोन्ही मिळतील.