चुलीपाशींची विद्या आणि तिचे अध्यापक

गणित शिकविणाऱ्यांच्या परिषदा भरतात, भाषा शिकविणाऱ्यांचीं संमेलनें होतात, आणि त्यांचीं वृत्तें आपण आदरानें वाचतों. परंतु ‘गृहविज्ञानाच्या अध्यापकांचें अधिवेशन’ असे शब्द दृष्टीस पडले कीं बहुतेकांच्या ओठांवर किंचित् हंसूं येतें. भात कसा शिजवावा आणि मूल कसें निजवावें हें ठरविण्यास अधिवेशन कशाला, असा त्या हंसण्याचा भाव असतो. हा भाव मीं स्वतः कित्येक वर्षें बाळगला. त्याचें प्रायश्चित्त कसें घडलें तें वाचकांस सांगावें, म्हणून या महिन्याचें हें सदर त्या विषयास वाहिलें आहे.

कोल्हापुरांत ज्या शाळेंत मीं संस्कृत शिकविलें तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें आठवी-नववीच्या मुलींकरितां गृहशास्त्राचा वर्ग असे. खोली जिन्याखालची, सामग्री म्हणजे दोन शेगड्या, एक तराजू, थोड्या परीक्षानळ्या आणि भिंतीवर हातानें रंगविलेले तक्ते. त्या विषयाच्या बाई अधूनमधून रजा काढून आपल्या विषयाच्या अध्यापकांच्या अधिवेशनास जात. त्या परत आल्या म्हणजे शिक्षकांच्या खोलींत आम्हीं विचारावें, “काय बाई, यंदा कोणत्या लाडवांचा ठराव संमत झाला?” बाई हंसून तें सोडून देत.

पुढें तासिकांची ओढाताण होऊं लागली, तेव्हां मुख्याध्यापकांनीं सर्वांचीं मतें विचारलीं. गृहशास्त्राचे तास कमी करून ते संस्कृतास द्यावे, असें मीं सुचविलें. मुलींना घरीं आई-आजी शिकवितातच, हा माझा युक्तिवाद. आणि तो कोणीही खोडून काढला नाहीं. सूचना मान्य झाली, व दोन वर्षांनीं तो वर्गच बंद पडला. विजय मिळाला असें त्या वेळीं मला वाटलें, हें येथें लपवीत नाहीं.

आमच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात. माझी पत्नी निवर्तून चार वर्षें झालीं. गेल्या उन्हाळ्यांत थोरला मुलगा व सूनबाई एका लग्नाकरितां परगांवीं गेलीं होतीं, आणि दोन वर्षांची नात माझ्या व धाकट्या मुलाच्या हवालीं होती. पहांटेपासून तिला जुलाब सुरू झाले. लंघन हें परम औषध, हा संस्कार माझ्या मनांत इतका दृढ कीं मीं दूध तर बंद केलेंच, पण पाणीही बेताबेतानेंच दिलें. दुपारपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले. ती रडे, पण डोळ्यांतून टिपूस येईना.

त्या क्षणीं एकाएकीं जिन्याखालच्या खोलींतील एक तक्ता डोळ्यांपुढें उभा राहिला. पाणी एक लिटर, आणि त्याखालीं साखर व मीठ यांचे चमचे. तक्ता दिसत होता, अंक दिसत नव्हते. सहा कशाचे, आणि अर्धा कशाचा? पाणिनीचीं सूत्रें या जिभेवर अजून आहेत. परंतु या एका ओळीपुढें माझी मति कुंठित झाली. नातीपाशीं मुलाला बसविलें, चपला पायांत अडकविल्या, आणि दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या त्याच बाईंच्या दारीं जाऊन उभा राहिलों.

बाईंनीं माझा चेहरा पाहिला आणि पहिला प्रश्न केला, “पोरीला लघवी केव्हां झाली?” मला उत्तर देतां येईना. “चला,” असें म्हणून त्या माझ्याबरोबरच निघाल्या. वाटेंत सांगत होत्या, “गुरुजी, साखरेचे सहा, मिठाचा अर्धा. चमचा चहाचा, आणि सपाट. शिगोशीग भरावयाचा नाहीं. मिठाचा हात सैल सुटला तर औषधाचें विष होतें.” घरीं येतांच त्यांनीं पाणी तांब्यानें न घेतां मापानें मोजून घेतलें, आणि चमच्याचमच्यानें पाजावयास आरंभ केला. पोर एकदां ओकली, तेव्हां थोडें थांबून पुनः पाजलें. मग त्या म्हणाल्या, “डोळे इतके खोल गेल्यावर घरीं थांबावयाचें नाहीं. वाटेनें पाजत पाजत दवाखान्यांत न्या.” त्याप्रमाणें केलें. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं पाणी सुरू केलें हें फार चांगलें झालें. तिसऱ्या दिवशीं नात अंगणांत खेळूं लागली.

आभार मानावयास गेलों तेव्हां बाईंनीं एक जुनी वही काढून माझ्यापुढें ठेविली. त्या म्हणाल्या, “पूर्वीं मीही मुलींना ‘चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर’ असेंच शिकवीत असें. एका अधिवेशनांत आम्हां साऱ्या शिक्षिकांना आपापल्या चिमटीनें मीठ घेऊन तराजूवर ठेवावयास सांगितलें. दोघींचेंही वजन जुळेना. त्या दिवसापासून मीं चिमूट सोडली आणि चमचा धरला. तुम्हीं ज्याला लाडवांचा ठराव म्हणत होतां ना गुरुजी, तो हा.”

यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आजीची विद्या थोर खरी, आणि तिच्या हाताची सर तराजूस यावयाची नाहीं; परंतु तिच्या चिमटीचें माप तिच्याबरोबरच जातें. एका घरांत चालत आलेली चूक त्याच घरांत पिढ्यान्पिढ्या खपून जाते, कारण ती दाखविणारें दुसरें कोणी तेथें नसतें. चार गांवच्या शिक्षिका एकत्र बसल्या म्हणजे मात्र प्रत्येकीची चिमूट तराजूवर येते. इतर शास्त्रांतील विद्वान् परिषदा भरवितात त्या याचसाठीं ना?

बाईंच्या वहीवरून या मंडळींची मूळपीठिका शोधण्याची मला इच्छा झाली. अमेरिकेंत लेक प्लॅसिड नांवाच्या ठिकाणीं १८९९ सालीं या विषयाचीं मूठभर माणसें प्रथम जमलीं. यजमान होते मेल्विल ड्यूई. तेच, ज्यांच्या दशांश पद्धतीनें आपल्या ग्रंथालयांत पुस्तकें लाविलीं जातात, आणि ज्या पद्धतींत ६४० हा अंक गृहव्यवस्थेस दिलेला आहे. दहा वर्षें अशा बैठकी झाल्यावर त्यांतून १९०९ सालीं अमेरिकन गृह-अर्थशास्त्र संघ जन्मास आला, आणि एलेन स्वॅलो रिचर्ड्‌स या त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मॅसॅच्युसेट्‌सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेंत प्रवेश मिळविणारी ही पहिली स्त्री. तिनें पिण्याच्या पाण्याचे हजारों नमुने तपासले, आणि किराणा मालांतील भेसळ रसायनशाळेंत उघडी पाडली. गृहशास्त्राच्या आद्य अध्यापिकेचें हें काम स्वयंपाकापुरतें नव्हतें, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. १९०८ सालीं स्वित्झर्लंडमधील फ्रीबुर्ग येथें याच विषयाचा आंतरराष्ट्रीय संघही स्थापन झाला होता. अमेरिकन संघानें १९९४ सालीं आपलें नांव बदलून त्यांत ‘कुटुंब आणि ग्राहक विज्ञान’ असे शब्द घातले.

आपल्याकडेही हा विचार उपरा नाहीं. ज्या १९०९ सालीं तिकडे तो संघ निघाला त्याच सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यास सेवासदनाचें काम सुरू केलें. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ प्रसिद्ध झालें. अण्णासाहेब कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढिलें, तेव्हां गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र हे विषय त्यांनीं मुद्दाम अभ्यासक्रमांत घातले. आणि स्त्रियांकरितां निराळा अभ्यासक्रम केल्यास त्यांचें शिक्षण हलकें ठरेल, असा आक्षेप त्यांच्यावर सुधारकांकडूनच आला. १९२७ सालीं पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्षा होत्या. त्याच परिषदेच्या प्रयत्नांनीं १९३२ सालीं दिल्लीस लेडी आयर्विन कॉलेज निघालें, आणि तेथें गृहविज्ञानाचें शिक्षण सुरू झालें. पुढें बडोद्याच्या विद्यापीठांत हंसाबेन मेहता कुलगुरु असतांना गृहविज्ञानाची स्वतंत्र शाखा उघडली गेली, आणि स्वतंत्र भारतांत या अध्यापकांची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली.

कर्व्यांवरील तो आक्षेप निरर्थक नव्हता. ही विद्या केवळ मुलींच्या पदरांत टाकली तर ती विद्या न राहतां बेडी होते. त्याचें उत्तर याच क्षेत्रांतून आलें. मुलगे व मुली यांच्या अभ्यासक्रमांत भेद असावा कीं नसावा, याचा विचार करण्याकरितां १९६२ सालीं हंसाबेन मेहता यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली होती. शाळेच्या मधल्या टप्प्यांत गृहशास्त्र मुलगे आणि मुली या दोघांनाही शिकवावें, असें तिनें सुचविलें. ही सूचना होऊन साठांवर वर्षें लोटलीं. माझ्या वर्गांतील मुलग्यांना ती लागू झाली असती, तर त्यांच्या गुरुजींनाही मिठाचा चमचा ठाऊक असता!

आतां या शास्त्राच्या नांवांतील ‘ग्राहक’ या शब्दाकडे वळूं. संस्कृताच्या अभ्यासकास हा भाग परका वाटूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, जें म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालींच छापून प्रसिद्ध केलें, वजनामापांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. आणि धान्य, तेलतूप, मीठ, औषधें यांत त्याच रंगाचा दुसरा पदार्थ मिसळणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. आपल्या काळांत १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यास ग्राहक पंचायत स्थापन केली, १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैपासून अंमलांत आहे. परंतु कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो. स्वयंपाकघरांत शिक्षणासच जावें लागतें.

आमच्या कोल्हापुरी गुळाचेंच पाहा ना. २०१४ सालीं त्यास भौगोलिक मानांकन मिळालें, याचा आम्हांस अभिमान आहे. गुऱ्हाळांत रस उकळतांना त्यावरची मळी काढण्यास जंगली भेंडीचा चीक घालण्याची जुनी रीत आहे. परंतु गिऱ्हाइकास पिवळाधमक गूळ हवा असतो. काळपट ढेप कोणी उचलीत नाहीं, म्हणून रंग उजळण्याकरितां हायड्रॉस नांवाची गंधकयुक्त पूड घालण्याची संवय पडली. दोष एकट्या गुऱ्हाळवाल्यास कसा द्यावा? त्याचा माल आपल्या डोळ्यांनीं पारखला जातो, आणि आपले डोळे अशिक्षित आहेत. बाईंच्या वर्गांत पिवळा व तपकिरी अशा दोन्ही ढेपा मांडून त्यांतील भेद मुलींना शिकवीत असत. त्या मुली आज घरोघरीं गृहिणी आहेत, आणि त्यांच्या घरीं तपकिरी गूळ जात असेल असा मला भरंवसा आहे. वर्ग बंद पडल्यावर ज्या मुली शाळेंत आल्या, त्यांच्याविषयीं मात्र मी तसें म्हणूं शकत नाहीं. आणि त्याचें कारण मी आहें.

जुन्या शाळेस मीं पत्र पाठविलें आहे. तो वर्ग पुनः सुरू करावा, मुलग्यांसही त्यांत बसवावें, आणि शिकविणारांस त्यांच्या अधिवेशनास जाण्याकरितां भरपगारी रजा व प्रवासखर्च द्यावा, असें त्यांत लिहिलें आहे. अद्याप उत्तर आलेलें नाहीं. माझ्या मताची आज तेथें किंमत ती काय असणार! परंतु ज्यांच्या घरचीं मुलें शाळेंत जातात त्या पालकांनीं, विशेषतः मुलग्यांच्या पालकांनीं, अशी मागणी केली तर ती सहसा टाळतां यावयाची नाहीं.

तोंवर आमच्या घरीं आम्हीं एक उपक्रम केला. एका रविवारीं बाईंस बोलाविलें, आणि दिवाणखान्यांत सोनाराचा असतो तसा छोटा तराजू मांडून घरांतील लहानथोर सर्वांनीं आपापली चिमूट त्यांत टाकली. सूनबाई, दोन्ही मुलगे, शाळकरी नातू, सर्वांच्या चिमटी निरनिराळ्या भरल्या. वाचकांनींही आपल्या घरीं हा प्रयोग करून पाहावा; वेळ फार लागत नाहीं, आणि मनोरंजनही होतें. बाईंनीं एकेक वजन कागदावर मांडलें, व शेवटीं तो कागद माझ्या हातांत दिला. सर्वांत जड चिमूट माझी होती.