दाणा पेरला, आता उकरायचं नाही!

बालमित्रांनो,

परवा आमच्या वर्गात एक गंमत झाली. गंमत कसली, बाईंचीच परीक्षा झाली म्हणा ना!

परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही हरभरा पेरला. प्रत्येकाला एक रिकामा डबा, त्यात आपल्या परभणीकडची काळी माती आणि रात्रभर भिजवलेले चार दाणे. आठवड्याभरात सगळ्यांच्या डब्यांत हिरवे कोंब डोकावले. एका मुलीचा डबा मात्र कोराच! बिचारी रडकुंडीला आली. मी माती हळूच बाजूला केली, तर दाण्यांचे मोड तुटलेले.

"हात लावला होतास का गं?"

"रोज उकरून बघायले बाई. उगवायलंय का नाही, ते कसं कळावं?"

सगळा वर्ग खो खो हसला. मला काही हसू आलं नाही. कारण घरी मी तेच करते. माझ्या लेकीला दिवसातून दहा वेळा विचारते, "अभ्यास झाला का? पाढे आले का? किती पडतील?" परिणाम काय झाला, ठाऊक आहे? ती माझ्यापासून वही लपवू लागली. पालकांनो, तुमच्याही घरात असं होतं का हो?

त्या दिवशी मी मुलांना येशू ख्रिस्ताने सांगितलेला एक दाखला सांगितला. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात तो आहे. एक माणूस शेतात बी टाकतो. रात्री झोपतो, सकाळी उठतो. इकडे बी रुजतं, वाढतं. कसं, ते त्याला कळतही नाही. पीक तयार झालं की तो कापणीला लागतो. बस्स, एवढाच दाखला! पेरणी माणसाची, कापणीही माणसाची. पण मधलं ते रुजणं? ते त्याच्या हातात नाही. ख्रिस्ती माणसं म्हणतात, ते देवाच्या हातात आहे.

"मग बाई, आपण नुसतं बसायचं का?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. छान प्रश्न! 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण तुम्हांला ठाऊकच आहे. पण खाटल्यावर पडून राहणं म्हणजे भरवसा नव्हे. म्हणून मी त्यांना पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. १९८९ साली आपल्या टपाल खात्याने ज्यांचं तिकीट काढलं, त्याच या रमाबाई.

त्यांचा जन्म १८५८ चा. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. पुढे त्यांनी एका बंगाली गृहस्थांशी लग्न केलं, पण दोन वर्षांतच नवराही वारला. कडेला एवढीशी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण गंमत बघा, स्वतः रमाबाईंनीच लिहून ठेवलंय की, धर्म स्वीकारला तरी ख्रिस्तावर मनापासून भार टाकायला आणखी आठेक वर्षं लागली. एवढी विद्वान बाई, तरी! म्हणजे भरवसा काही एका दिवसात येत नाही. तोही रुजावा लागतो.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. पुढे ते पुण्याला आलं. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी दहा वर्षं पैसे पाठवण्याचं वचन दिलं होतं. पण दहा वर्षांनंतर काय? हिशेबी रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली आणि फळबाग लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालेल, अशी त्यांची योजना.

आणि १८९६ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला! भुकेने बेजार झालेल्या मुली पाहून रमाबाईंना घरी बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. आता कसली योजना आणि कसला हिशेब! एवढी तोंडं, आणि बांधून दिलेली मदत कुणाचीच नाही. १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्तिसदनात दीड हजारांहून जास्त माणसं राहत होती.

रमाबाई प्रार्थना करत. आणि प्रार्थना करून उठल्या की कामाला लागत. विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना विणकाम शिकवलं, छापखाना घातला. बायाबापड्यांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचं, म्हणून हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी सगळ्या बायबलचं भाषांतर केलं. हाताला येईल ते सगळं करायचं. उद्या कुठून येईल, ही काळजी देवावर सोपवायची.

मग त्यांच्या मनासारखंच सारं झालं का? नाही, बालमित्रांनो. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. आपल्यामागे लेक मनोरमा हे काम सांभाळेल, अशी त्यांची आशा होती. मनोरमा तशी तयारही झाली होती. पण १९२१ साली तीच आधी गेली. आईला केवढं दुःख झालं असेल! तरी त्यांनी काम टाकलं नाही. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन मात्र आजही चालू आहे. पण ते रमाबाईंनी ठरवलेल्या वाटेने नाही, वेगळ्याच वाटेने पुढे गेलं.

देवावर भार टाकला की आपण मागू ते मिळतंच, असं नाही. पण जे आपल्या हातातच नाही, ते मुठीत घट्ट धरून बसायची गरज उरत नाही. मूठ उघडली की हात कामाला मोकळे!

आपल्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंचं तरी काय? विठ्ठल दळू लागला म्हणतात, पण जात्यावर बसायचं जनाबाईंनी सोडलं नव्हतं.

त्या मुलीला मी पुन्हा चार दाणे दिले. तिने ते पेरले, पाणी घातलं आणि विचारलं, "आणि नाहीच उगवलं तर, बाई?"

"तर पुन्हा पेरू. पण उकरायचं नाही."

डबा तिने खिडकीत ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. परवा तीन कोंब वर आले. चौथा नाही आला. तीनांवरच स्वारी खूष!

आणि मी? लेकीला विचारणं मी दहावरून दोनवर आणलंय. अगदी बंद नाही झालं अजून! पण काल तिने आपणहून वही आणून दाखवली. त्यात दोन गणितं चुकली होती. आम्ही ती मिळून सोडवली.

आता तुम्ही एक करा. घरात एका डब्यात दाणे पेरा. आईबाबांनाही पेरायला लावा. रोज पाणी घाला, ऊन दाखवा. आणि कोण उकरतं, त्यावर लक्ष ठेवा बरं का!

तुमच्या,
बाई